आत कुणाचं लुगडं?

राब भाजून झाले आणि पावसाला महिना-दीड महिना उरला की आमच्या ओवे गावात गोधड्या निघायच्या. आम्ही साठ-सत्तरच्या दशकात जन्मलेली पोरं. पडवीभर लुगडं पसरलेलं असायचं, त्यावर पाय न देता कडेकडेने घरात शिरायचं, नाहीतर पाठीत धपाटा. लुगडं सरकू नये म्हणून कोपऱ्यांवर वरवंटा, पाण्याचा तांब्या, कुणाचं तरी जड दप्तर, जे हाताला लागेल ते. आजी, आई, काकू एकेका बाजूला फतकल मारून बसायच्या, उरलेली बाजू शेजारणीची. कोणाचं लग्न ठरलं, कोणाचं मोडलं, खाडीला मासळी कशी आहे, सगळं तिथेच कळायचं. सुईत दोरा ओवून देणं हे आम्हां पोरांचं काम. आजीला सुईचं भोक दिसत नसे. टाका मात्र तिचाच सगळ्यांत सरळ.

घरात कापड टाकून द्यायची रीतच नव्हती. बोहारीण दारात येऊन स्टीलचा डबा वाजवायची, आई कपाट उघडायची आणि आतून आजीचा आवाज यायचा, "ठेव गो, गोधरीला लागंल." डब्याचा सौदा तिथेच फिसकटायचा. आईच्या मनात तो डबा कितीतरी दिवस राहायचा, हे आम्हाला तिच्या भांडी आपटण्यावरून कळे.

त्यातही लुगडं थेट गोधडीत जात नसे. आमच्याकडच्या बायका गुडघ्यापर्यंत नऊवारी नेसून चिखलणी-लावणीला उतरायच्या. आधी बसायच्या जागी लुगडं विरायचं. मग तेवढा भाग कापून उरलेले दोन तुकडे जोडायचे, म्हणजे दंड घालायचा, आणि वर्षभर तेच नेसायचं. तेही फाटलं की जुनेर, त्यातला मऊ भाग बाळाच्या दुपट्याला, आणि उरलंसुरलं गोधडीला. एखादं धड राहिलेलं नऊवारी मिळालं की त्याचे चार तुकडे करून दोन-दोन शेजारी जोडायचे. गोधडीचा वरचा आणि खालचा पदर तयार. आत आजोबांचं धोतर, फाटके सदरे, परकर, उसवलेल्या पिशव्या. आधी लांब टाक्यांनी टाचून घ्यायचं, मग कडेपासून धावदोरा सुरू करून गोल गोल फिरत मधे यायचं. कर्नाटकात हल्याळ-यल्लापूरकडच्या सिद्दी बायका त्यांची कवंदी अशीच कडेकडून आत शिवत नेतात, आणि कोपऱ्यांना घडी घातलेल्या कापडाची फुलं लावल्याशिवाय ती पुरी झाली असं मानत नाहीत. आमच्याकडे फुलं नव्हती. वेळच नव्हता, पाऊस आलेला असे.

कोकणात गाडगेबाबांना गोधडे महाराज म्हणत. ठिगळांचं पांघरूण घेऊन हिंडणारा हा माणूस इथल्या बायकांना परका वाटला नसणार.

गोधडी धुणं हे दोन माणसांचं काम. भिजली की ती उचलत नसे. दोघींनी दोन टोकं धरून उलट दिशांना पिळायची आणि दगडावर टाकायची. पावसाळ्यात वाळली नाही तर तिला एक कुबट वास यायचा. आम्ही त्याच वासात झोपलो आणि आमची त्याबद्दल काही तक्रार नाही. रात्री कुणीतरी बोटाने चाचपून सांगायचं, इथे आत बाबांचा सदरा आहे, बटणाची पट्टी लागते. दिसायचं काहीच नाही. आजी गेल्यावर तिचं लुगडं असंच आत घातलं गेलं, कारण वर घालण्याइतकं ते धड राहिलं नव्हतं.

मग टेरिलिन आलं, नायलॉनच्या साड्या आल्या. त्या फाटत नसत, सुईखालून निसटत आणि अंगाला चिकटत. गोधडीला अगदी बिनकामाच्या. त्याच सुमारास शिवणाच्या क्लासला गेलेल्या मोठ्या बहिणींनी घरात पायमशीन आणलं. मशीन आलं की त्या घरी सगळ्या आळीची झबली, टोपडी, कुंच्या, अभ्रे, परकर. भावाच्या जुन्या खाकी पँटीची बाजाराची पिशवी व्हायची आणि तिला पँटीचाच खिसा तसाच असायचा, सुटे पैसे ठेवायला. ही पिशवी कुठल्याही डिझायनरने करून दाखवावी.

1970 मध्ये सिडको आली आणि ठाणे व तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातल्या 95 गावांच्या जमिनींवर नवं शहर वसवायचं ठरलं. आमची भातशेती त्यात गेली. राब भाजणं संपलं, म्हणजे गोधडीचा महिनाही संपला. जमिनींच्या बदल्यात मिळालेल्या साडेबारा टक्क्यांच्या भूखंडांवर इमारती झाल्या. खारघरच्या सेक्टरांनी गाव वेढलं, 2016 मध्ये पनवेलची महापालिका झाली. फ्लॅटच्या हॉलमध्ये सोफा आला आणि चार बायकांनी जमिनीवर फतकल मारायला जागा उरली नाही.

पण कपाटं रिकामी झाली नाहीत. आता त्यांत टी-शर्ट आहेत. आगरी-कोळी गावांत टी-शर्ट छापल्याशिवाय काही होत नाही: टेनिस बॉलचे क्रिकेट सामने, दहीहंडी, एकवीरेची पालखी, शिर्डीची पदयात्रा, आणि हल्ली हळदीसुद्धा. 24 जून 2021 रोजी नवी मुंबईच्या विमानतळाला प्रकल्पग्रस्तांचे नेते दि. बा. पाटील यांचं नाव द्यावं म्हणून सिडको भवनाला घेराव झाला, त्या वेळचेही आहेत. पोरं ते घालत नाहीत आणि टाकूही देत नाहीत. अमेरिकेत मुलगा कॉलेजला निघाला की त्याच्या शाळेच्या टी-शर्टांचं पांघरूण शिवून देतात, हे इकडच्या सुनांनी मोबाइलवर पाहिलं आणि पुन्हा कातर निघाली.

काम दिसतं तेवढं सोपं नाही. होजिअरीचं कापड ताणलं जातं, चौकोन कापला की कडा वळतात. म्हणून आधी मागून चिकटणारं अस्तर इस्त्रीने बसवावं लागतं, आणि रबराच्या छपाईवर इस्त्री सरळ फिरवली की छपाई इस्त्रीला चिकटून येते. मधे सुती फडकं हवं. मशीनला गोल टोकाची सुई लावायची, नाहीतर टाके सुटतात नि भोकं पडतात. क्रिकेटच्या टी-शर्टाचे दोन चौकोन निघतात, पुढे संघाचं नाव आणि पाठीवर खेळाडूचं नाव नि नंबर.

आम्हां जुन्यांना हे पांघरूण जरा वाचायला दिल्यासारखं वाटतं. सगळं वरच छापलेलं, चाचपायला काही नाही. पण हौस आहे, मेहनत आहे, आणि पोरं ते अंगावर घेतात. कपाटात कुजण्यापेक्षा बरंच.

वाद आहे तो आतल्या थराचा. सुनांना फायबरचा थर हवा, हलका, मशीनमध्ये धुता येणारा. मोठ्या बहिणीकडे आईचं एक जुनेर अजून आहे, ते तिला आत घालायचंय. सून म्हणते, घातलं तर मशीनमध्ये धुताना त्याचा भुगा होईल. बहीण म्हणते, मग हाताने धुवा, दोघी आहात ना.