कातरलेली पानं

गच्चीतल्या गुलाबाची पानं पुन्हा कडेनं कातरलेली दिसली. अळीनं कुरतडलेलं पान ओबडधोबड असतं. हे काप मात्र कंपासनं आखल्यासारखे नेमके. काही वेळानं ती आलीच, पानकापी मधमाशी. कडेवर बसली, जबड्यांनी सरसर अर्धगोल कापला आणि तुकडा पोटाखाली धरून भुर्रकन उडाली.

ती पान खात नाही. पोकळ काडीत किंवा भिंतीतल्या भोकात या तुकड्यांची ती नळकांडी रचते. प्रत्येकात पराग आणि मकरंदाचा गोळा, त्यावर एक अंडं, वर गोल तुकड्याचं झाकण. ना पोळं, ना राणी. सगळा संसार एकटीचा. पराग ती पोटाखालच्या केसांत वाहते. आपल्या तुरीच्या फुलांचं परागीभवन करणाऱ्यांत तिच्या जातभाईंचा मोठा वाटा आहे.

धडधाकट झाडाला चार पानांच्या कडा गेल्यानं काही होत नाही; अगदी लहान रोप असेल तर काही दिवस जाळी घालावी, बस्स. औषध फवारून पानांचे काप थांबत नाहीत, मरतात त्या मात्र परागीभवन करणाऱ्या माश्या. म्हणून सांगावंसं वाटतं: कातरलेलं पान दिसलं तर फवारणीचा पंप उचलू नका, बागेच्या कोपऱ्यात चार पोकळ काड्या तेवढ्या राहू द्या.