दुसरा रिमोट कुठंय?

गाडीच्या अलार्मचा नवा रिमोट घेऊन आलेल्या गिऱ्हाइकाला जाणता कारागीर आधी जुन्याबद्दल विचारतो.

‘दुसरा कुठंय, काका?’

‘घरी आहे.’

‘मग तो घेऊनच या. नाहीतर हा चालू होईल आणि घरचा बंद पडेल.’

बाहेरून बसवलेल्या बऱ्याच अलार्ममध्ये नवा रिमोट शिकवायला घेतला की गाडीतल्या अलार्मच्या पेटीतली जुनी नोंद पुसली जाते. म्हणून घरातले सगळे रिमोट एकाच बैठकीत दाबावे लागतात. पुण्याच्या नाना पेठेत असो की तालुक्याच्या गावी, डॅशबोर्डखाली डोकं घालून अलार्मचा छोटा वॅलेट स्विच चाचपणं आलंच. किल्ली ठरावीक वेळा फिरवायची, स्विच दाबायचा, दिवा लुकलुकला की लगेच रिमोटचं बटण. रीत कंपनीगणिक वेगळी, आणि काही सेकंद उशीर झाला की पुन्हा पहिल्यापासून.

अर्थात दुरुस्तीला आलेला प्रत्येक रिमोट बिघडलेला असतोच असं नाही. समजा, लहान मुलानं घरात बसून पंचवीस वेळा बटण दाबलं. खाली गाडीपाशी गेल्यावर पहिल्या दाबाला दार उघडत नाही, दुसऱ्याला उघडतं. ‘कीलॉक’ पद्धतीच्या रिमोटमध्ये हे अगदी रास्त वागणं आहे. दर दाबाला रिमोट आपला आकडा एकानं पुढे नेतो आणि नवा संकेत पाठवतो, म्हणजे कुणी हवेतला जुना संकेत टिपून ठेवला तरी तो पुन्हा चालत नाही. गाडीतली पेटी साधारणपणे पुढच्या सोळा आकड्यांपर्यंत लगेच विश्वास ठेवते. त्यापलीकडे गेलं की लागोपाठचे दोन संकेत मागते. हा हिशेब ठाऊक असलेला कारागीर पेटी उघडत नाही, पैसेही घेत नाही.

ही पद्धत १९८० च्या दशकात दक्षिण आफ्रिकेत जन्मली आणि १९९५ मध्ये मायक्रोचिप कंपनीनं ती विकत घेतली. २००८ मध्ये जर्मनीतल्या बोखुमच्या संशोधकांनी चिप किती वीज खाते ते मोजून तिची गुप्त किल्ली काढून दाखवली.

पेठेतली दुखणी बहुधा साधी असतात. बारा व्होल्टचा सेल मरायला टेकलेला असतो. नाहीतर भाच्यानं अमेरिकेहून हुबेहूब दिसणारा रिमोट पाठवलेला असतो. तिकडचे बरेच रिमोट ३१५ मेगाहर्ट्झवर बोलतात आणि इथली पेटी ४३३.९२ वर ऐकते. कितीही शिकवा, तो शिकत नाही.

रिमोट हरवलेला असेल तेव्हा मात्र काम बदलतं. आता पुसणं हेच मुख्य. कारागीर आधी आरसी बुक बघायला मागतो. कुणी नाराज होतं, पण दुसऱ्याच्या गाडीला नवा रिमोट जोडून देणं म्हणजे तिची किल्ली हातात देण्यासारखंच असतं, आणि याबाबतीत तो भीड ठेवत नाही. जुनी नोंद पुसतो, हाताशी असलेले दोन्ही रिमोट शिकवतो. मग रस्ता ओलांडून पलीकडच्या फुटपाथवर जातो आणि तिथून एकेक बटण दाबून गाडीचे इंडिकेटर लागतात का, ते पाहतो.