एक फळी, एक भोक आणि तंबोरा

परवा रात्री साडेअकराला मी बायकोला झोपेतून उठवून हॉलमध्ये आणलं. प्लायच्या दोन फळ्या उभ्या, प्रत्येकीत ८ इंची एक स्पीकर, आणि मागे काही म्हणजे काही नाही! खोकं नाही, कापूस नाही. चुंबक आणि वायरी उघड्यावर. मल्लिकार्जुन मन्सूर गात होते. डोळे चोळत ती फळीमागे डोकावली आणि म्हणाली, "तंबोरा कुठे ठेवलायस?"

तिथेच माझी तीन रविवारांची मजुरी वसूल झाली.

सुरुवात गमतीची होती. सुटा स्पीकर अँपला जोडून हातात धरला, तर आवाज चिरका, खर्ज गायब. तोच स्पीकर फळीच्या भोकावर टेकवला मात्र, डग्गा बोलायला लागला! मी दहा वेळा काढला, दहा वेळा टेकवला. कोन पुढे सरकला की पुढची हवा दाबली जाते आणि त्याच क्षणी मागची विरळ होते. या दोन उलट्या लाटा कडेने वळून भेटल्या की एकमेकींना खाऊन टाकतात. फळी त्यांना लांबचा वळसा घालायला लावते. बस, एवढंच!

मग फळीच्या कडेच्या रेषेत जाऊन उभा राहिलो. आवाज एकदम बसला. दोन पावलं पुढे, परत आला. मागे गेलो, तिथेही आला. इंग्रजी आठच्या आकड्यासारखा तो पुढे-मागे पसरतो. बाजूच्या भिंतींवर फारसा आदळत नाही, म्हणून खोली कमी घुमते.

खर्जाचं दुखणं मात्र खरं आहे. १०० हर्ट्झची लाट जवळजवळ साडेतीन मीटर लांब, माझी फळी ६० सेंटिमीटर रुंद. खाली उतरावं तसा प्रत्येक सप्तकाला ६ डेसिबलचा घाटा. थोडा इक्वलायझरने भरून काढला. बाकीच्यासाठी १५ इंची वूफरवर डोळा आहे.

मला वाटलं, मी काहीतरी जगावेगळं केलं. कसलं काय! क्वाड कंपनीचा १९५७ सालचा इलेक्ट्रोस्टॅटिक स्पीकर असाच दोन्हीकडे वाजायचा. झीगफ्रीड लिंकविट्झ यांनी 'ओरायन' आणि 'एलएक्स५२१' हे स्पीकर याच तत्त्वावर रचले. आणि आजोबांचा व्हॉल्व्हचा रेडिओ? त्याच्या पाठीला भोकाभोकांचा पातळ पुठ्ठा होता. म्हणजे तोही जवळपास उघडाच!

तुमच्या माळ्यावर एखादा जुना स्पीकर पडला असेल, तर उतरवा. सुताराकडून १८ मिलिमीटर प्लायला मापाचं भोक पाडून घ्या. फक्त फळी भिंतीला चिकटवू नका, मीटरभर पुढे ओढा. मागची लाट मग भिंतीवरून सुमारे ६ मिलिसेकंद उशिरा येते आणि सुरांचा चिखल होत नाही. आमच्या हॉलमध्ये त्यासाठी सोफा हलवावा लागला. तो बायकोनेच हलवला.