जुनी गाडी घेताना

रविवारी विहारात वंदना आटोपली की आमच्याकडे चपला घालता घालता गावभरच्या गोष्टी निघतात. तशीच एकदा निघाली. "साहेब, गाडी घेताय म्हणे!" एका तरुण कार्यकर्त्याने विचारले. आम्ही अजून घरातसुद्धा मोठ्याने बोललो नव्हतो, पण मंठ्यासारख्या गावात एखाद्याने गॅरेजवाल्याशी दोन वेळा बोलणे केले की तिसऱ्या दिवशी पेढे मागायला माणसे येतात.

गाडी घ्यायचे कारण आमची आई. तिचे दोन्ही गुडघे गेले आहेत. दर तीन महिन्यांनी तिला छत्रपती संभाजीनगरला दाखवावे लागते. मंठ्याला रेल्वे नाही. गाडी धरायची तर परतूर गाठावे लागते. म्हणजे एस.टी.ला पर्याय नाही आणि एस.टी.ची पायरी तिला चढवत नाही. आम्ही खालून धरायचे, आमच्या आयुष्मतींनी वरून ओढायचे, असा कार्यक्रम चाले. गेल्या हिवाळ्यात येताना आम्हांला उशीर झाला, शेवटची बस चुकली आणि वाटेतल्या एका बसस्थानकात रात्र काढावी लागली. आई चादर पांघरून फरशीवर बसून होती. तक्रार काही केली नाही. पहाटे एवढेच म्हणाली, "आता मला कुठं नेऊ नको, बाबा. जे दुखायचं ते घरीच दुखू दे." त्या दिवशी आम्ही वही काढली.

आम्ही बी.कॉम. झालेले कारकून. हिशेब आधी, हौस मागून. पतसंस्थेतली ठेव दीड लाख, आयुष्मतींनी बचत गटातून उचलायचे साठ हजार आणि घरातली शिल्लक चाळीस हजार मिळून २,५०,००० रुपये झाले. याशिवाय बँकेत १,२५,००० होते, पण ते मोठ्या मुलीच्या नर्सिंगच्या शिक्षणाचे. त्या पैशांना हात लावायचा नाही, असे वहीच्या पहिल्याच पानावर लिहून ठेवले. लिहिलेले मोडायला माणसाला किती थोडा वेळ लागतो, ते पुढे कळले.

गाड्या दोन पाहिल्या. पहिली मारुतीची वॅगन आर, २०१५ सालची, एका निवृत्त गुरुजींची, एम.एच. २१ पासिंग. मागणी सव्वादोन लाख. दुसरी इको, २०१६ सालची, सात सीटची, एम.एच. २०, मागणी २,८०,०००. रंग पांढराशुभ्र, आत नवी सीट कव्हरे, पुढे काचेवर मोठे स्टिकर. पाहताक्षणी आमचे मन इकोवर गेले, हे कबूल करतो.

याला कारण आमची कार्यकर्तेगिरी. १४ एप्रिलची मिरवणूक, धम्मपरिषदा, लग्ने, कुणाचे पेशंट, कुणाची तहसीलची कामे. सात माणसे घेऊन आम्ही सभेला उतरतो आहोत, असे चित्र डोळ्यांपुढे येऊ लागले. कार्यकर्त्यांनीही भर घातली. "दादा, इकोच घ्या, समाजाच्या कामाला येईल." एकाने तर तोडगा काढला की सुट्टीच्या दिवशी भाडे मारायचे, हप्ता सुटेल. पैसे तीस हजारांनी कमी पडत होते. टायर, विमा, नावावर करणे धरले तर पन्नास हजारांनी. आणि आम्ही मनात म्हणू लागलो की मुलीच्या पैशातून तात्पुरते घेऊ, दिवाळीपर्यंत भरून टाकू.

घरी सांगितले तेव्हा आयुष्मती भाकरी थापत होत्या. "अहो, गाडी आईंसाठी घेताय की मिरवणुकीसाठी?" एवढेच विचारले. मुलगी काही बोलली नाही. उठून आत गेली आणि बाबासाहेबांचे 'वेटिंग फॉर अ व्हिसा' घेऊन आली.

हे छोटे पुस्तक समाजात पुष्कळांनी वाचलेले आहे. त्यात वाहनाच्या दोन हकिगती आहेत. १९०१ साली लहानगे भीमराव भावंडांसह वडिलांकडे गोरेगावला निघाले. मसूर स्टेशनवर उतरल्यावर जात कळताच एकही बैलगाडीवाला तयार होईना. शेवटी दुप्पट भाडे दिले, गाडी पोरांनी हाकली आणि गाडीवान पायी चालला. ही गोष्ट आपल्या घराघरांत सांगितली जाते. मुलीने काढली ती दुसरी, १९२९ सालची, चाळीसगावची. तेव्हा बाबासाहेब बॅरिस्टर होते, सरकारी समितीचे सभासद होते. तरी त्यांचा टांगा हाकायला टांगेवाला राजी होईना. मग वस्तीतल्या मंडळींनी टांगा भाड्याने घेतला आणि आपल्यातल्याच एकाला हाकायला बसवले. त्याने टांगा कधी हाकलेला नव्हता. पुलावर चाक अडकले, बाबासाहेब दगडांवर फेकले गेले, पायाचे हाड मोडले.

"बाबा, पुढचं वाचा," मुलगी म्हणाली. पुढे बाबासाहेबांनी लिहिले आहे की पाहुण्याने पायी चालणे वस्तीला कमीपणाचे वाटले, आणि माझा मान राखण्यासाठी त्यांनी माझा जीवच धोक्यात घातला. आजवर आम्ही ही हकिगत भाषणांत अनेकदा सांगितली, पण टांगेवाल्याच्या जातीय माजापाशीच थांबलो. मानापायी आपल्याच माणसांच्या हातून काय झाले, ते आम्ही वाचून विसरलो होतो. आईच्या गुडघ्यांचे नाव करून आम्हीही मानच विकत घ्यायला निघालो होतो. आणि आम्हांला तरी गाडी कुठे येत होती! लायसन्स निघून चार वर्षे झाली, हात बसलेला नव्हता.

दुसऱ्या दिवशी ओळखीच्या मिस्त्रीला घेऊन दोन्ही गाड्या पुन्हा पाहिल्या. या वेळी रंग पाहिला नाही. इकोचा मीटर ५८,००० किलोमीटर दाखवत होता, पण ब्रेक-क्लचच्या पेडलचे रबर गुळगुळीत, स्टेअरिंग चकचकीत घासलेले आणि नव्या कव्हराखाली ड्रायव्हरची सीट खचलेली. "एवढी झीज अठ्ठावन्न हजारांत होत नाही," मिस्त्री हळूच म्हणाला. मोबाईलवर परिवहन खात्याच्या नोंदी उघडल्या, तर गाडीवर फायनान्सचा बोजा तसाच. मालक म्हणे, "कर्ज फिटलंय, एन.ओ.सी. येईल की." येईल तेव्हा येईल. एन.ओ.सी. आणि ३५ नंबरचा फॉर्म हातात पडल्याशिवाय बोजा उतरत नाही, आणि बोजा असलेली गाडी म्हणजे दुसऱ्याचे देणे आपल्या दारात उभे करणे.

भाड्याच्या तोडग्याचेही सांगतो, कारण आपली बरीच मुले यात फसतात. पांढऱ्या पाटीच्या खासगी गाडीतून भाड्याची माणसे नेणे बेकायदा आहे. अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करते आणि भरपाई मालकाच्या गळ्यात येते. दोनशे रुपयांच्या भाड्यासाठी घर गहाण पडू शकते.

वॅगन आर ६२,००० चाललेली. टायर मूळचेच. टायरच्या बाजूला चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन सालाचे. त्यावरून गुरुजींनाही नाही म्हणता आले नाही. सीट साधी, पण सर्व्हिसच्या पावत्या एका फाईलमध्ये तारखेवार लावलेल्या. आम्हां कारकुनाला आणखी काय पाहिजे? इंजिन हजार सीसीच्या आत, म्हणून थर्ड पार्टी विम्याचा मूळ हप्ताही कमी. २०२२ साली ठरलेल्या दराने तो २,०९४ रुपये, तर हजार ते पंधराशे सीसीच्या गाडीला, म्हणजे इकोला, ३,४१६.

पण निकाल आईने दिला. तिला दोन्ही गाड्यांपाशी नेले. इकोच्या दाराशी तिने एक पाय उचलला, दांडी धरली आणि पुन्हा खाली ठेवला. वॅगन आरची सीट तिच्या कमरेच्या उंचीला आली. ती नुसती मागे टेकली, वळली आणि बसली. कुणी धरले नाही. "ही बरी हाय," म्हणाली.

गुरुजी २,१०,००० वर आले. चार टायर १४,४००, बॅटरी-ऑईल-बेल्ट ८,५००, विमा ६,२००, नावावर करण्याचे २,४००. एकूण २,४१,५००. २९ आणि ३० नंबरच्या फॉर्मवर सह्या त्याच दिवशी घेतल्या. "नंतर करू" म्हणणाऱ्यांच्या गाड्या वर्षानुवर्षे दुसऱ्याच्या नावावर फिरतात आणि पावत्या मूळ मालकाला जातात. मुलीचे पैसे बँकेत होते तसेच राहिले.

कार्यकर्ते थोडे हिरमुसले. एक-दोघांनी "घरापुरतं पाहिलं" असेही ऐकवले. ते मनाला लागले, खोटे कशाला बोला? मात्र पुढच्याच महिन्यात रात्री दोन वाजता शेजारची सून अडली, तेव्हा त्याच गाडीतून तिला ग्रामीण रुग्णालयात नेले. पाच माणसे आरामात बसली. सहावा सायकलवर मागून आला.

महिनाभर आम्ही पहाटे लोणार रस्त्यावर हात साफ केला, मग आईला संभाजीनगरला नेले. वाटूर फाट्यावर चहाला थांबलो. आईला वाटले उतरायचे आहे, तिने पिशवी उचलली.

"बस आई, चहा इथंच आणतो."

तिने पिशवी पुन्हा मांडीवर ठेवली, काच खाली केली आणि फाट्यावर बसची वाट पाहणाऱ्या एका म्हातारीला विचारले, "कुठं जायचं, बाई? जालन्याला असंल तर ये, जागा हाय."