हिरव्याखालचा तांबडा

मोतीबिंदू काढल्यापासून हिरवा रंग मला नव्याने शिकावा लागतो आहे. रोमन घोडेस्वाराचं शिरस्त्राण अस्सल की बनावट, हे मी आजवर बरंचसं जुन्या धातूवर चढलेल्या हिरव्या कळंकाच्या रंगावरूनच ठरवत आले. डोळ्यातला पिवळेपणा गेला आणि ओळखीचे सगळे थर निळसर दिसू लागले.

घडणीवरून ओळख पटवण्यावर माझा विश्वास कधीच नव्हता. रसेल रॉबिन्सन यांचं रोमन चिलखतांवरचं १९७५ चं पुस्तक नक्कल करणाराही उशाशी घेऊन झोपतो. कुरळे केस, तरुण चेहऱ्याचा मुखवटा, टिंबाटिंबांनी कोरलेलं मालकाचं नाव, सगळं उचलता येतं. कळंक उचलणं अवघड. अस्सल पत्र्यात हिरव्याखाली तांबडा थर असतो आणि गंज धातूच्या कणाकणांमधून आत उतरलेला असतो. आम्लाने चढवलेला हिरवा वरच थांबतो. सुईने टोकरलं की खाली पितळ चमकतं.

माझी खरी अडचण पुढेच आहे. जुन्या संग्राहकांनी अस्सल शिरस्त्राणंही घासून लख्ख केली आणि मग पुन्हा हिरवी रंगवली. खऱ्या धातूवर खोटा कळंक! तिथे मी दरवेळी अडते. माझी शिष्या क्ष-किरणांचं यंत्र लावून जस्ताचा आकडा वाचते. रोमन पितळात जस्त साधारण २८ टक्क्यांपुढे जात नाही, हे खरं. पण यंत्राला दिसते ती वरची कातडी, आणि मातीत मुरलेल्या पितळाच्या कातडीतून जस्त कधीच निघून गेलेलं असतं.

२०१० मध्ये कंब्रियात क्रॉस्बी गॅरेटला सापडलेल्या शिरस्त्राणाची आठवण झाली की अजून संताप होतो. ३३ मोठे तुकडे, ३४ लहान. संग्रहालयांना नीट अभ्यास करू न देताच ते जोडून लिलावात उभं केलं. सुमारे २३ लाख पौंडांना गेलं. एकटीच सापडलेली वस्तू, सोन्याचांदीची नव्हे, म्हणून ब्रिटनचा १९९६ चा खजिन्याचा कायदा तिला लागूच झाला नाही. ते सुटे तुकडे, त्यांच्या मोडलेल्या कडा मला बघायच्या होत्या! इंग्लंडमध्येच हॅलाटनला सापडलेलं रोमन शिरस्त्राण मात्र मातीच्या ढेकळासकट उचललं आणि ब्रिटिश म्युझियममध्ये वर्षानुवर्षं कण कण करून सोडवलं. काम असं व्हावं.

वस्तू टेबलावर ठेवली की हात न लावता मी निकाल द्यायची, आणि खोलीतली माणसं गप्प व्हायची. त्या दबदब्याची मला चटक होती. नजर बदलली याहून तो दबदबा गेला, हेच मला जास्त सलतं.

आता रंगाबद्दल चकार शब्द काढण्याआधी मी मोडलेल्या कडेचा मोहरीएवढा छेद मागते. मालक बहुधा नाही म्हणतात. मग मी लेखी मत देत नाही. शिष्येला हा हटवादीपणा वाटतो. आमचं त्यावरून अजून वाजतं.