मानेतली गाठ : आधी नाव, मग सुरी

मानेत गाठ हाताला लागली की घरात दोनच शब्द निघतात : टीबी आणि कॅन्सर. ही भीती अनाठायी नाही. चाळिशी उलटलेल्या, त्यातून तंबाखू खाणाऱ्या माणसाच्या मानेतली टणक गाठ दोन आठवड्यांनंतरही तशीच राहिली, तर ती कॅन्सरची असेल असं धरूनच आम्ही तपासतो. पण या दोन्हींत न बसणाऱ्या, क्वचित आढळणाऱ्या साध्या गाठीही असतात, आणि ‘आधी काढू, मग बघू’ या घाईचा फटका त्यांना जास्त बसतो. म्हणून माझा आग्रह एवढाच, की गाठीला चिरा देणं ही तपासणीची शेवटची पायरी असावी.

मेंदूकडे रक्त नेणारी कॅरॉटिड धमनी मानेत जिथे दुभंगते, त्या बेचक्यात कॅरॉटिड बॉडीची गाठ वर्षानुवर्षं सावकाश वाढते. बोटांनी ती आडवी हलते, वर-खाली सहसा हलत नाही. सीटी अँजिओग्राफीत धमनीच्या दोन फांद्या फाकलेल्या आणि मधली गाठ रक्ताने उजळलेली दिसते. निदानाला बहुधा एवढं पुरतं. तिला साधी लसिकाग्रंथी समजून तुकडा काढायला गेलं, तर रक्त थांबवता थांबवता नाकी नऊ येतात. व्हेगस मज्जातंतूच्या आवरणातून उगवणाऱ्या श्वानोमात तोच हलगर्जीपणा आवाजावर बेततो. हनुवटीखाली मध्यभागी असलेली, जीभ बाहेर काढताच वर सरकणारी थायरोग्लॉसल गाठ नुसती पिशवी काढल्यास पुन्हा उद्भवते. शल्यचिकित्सक सिस्ट्रंक यांनी १९२० मध्ये सांगितल्याप्रमाणे हायॉइड हाडाचा मधला भागही थायरोग्लॉसल नळीसकट काढावा लागतो. शस्त्रक्रिया कोणती आणि ती करायची की नाही, हे गाठीच्या नावावर ठरतं.

‘सुई टोचली की गाठ पसरते’ हा आक्षेप नेहमीचा. बारीक सुईच्या तपासणीत तो धोका नगण्य आहे. मात्र सोनोग्राफी आधी आणि सुई नंतर, म्हणजे रक्ताने भरलेली गाठ वेळीच ओळखू येते. दुसरा आक्षेप वजनदार : आपल्याकडे टीबी एवढा आहे, मग औषधं सुरू का करू नयेत? कारण १९७२ मध्ये जपानमध्ये वर्णन झालेल्या किकुची आजारातही ताप आणि मानेत गाठी येतात, आणि त्या काही महिन्यांत आपोआप जातात. अंदाजाने टीबीच्या गोळ्या दिल्या तर श्रेय गोळ्यांना मिळतं आणि निदान कायमचं हुकतं. किकुची किंवा लिम्फोमाचा (लसिकाग्रंथींच्या कॅन्सरचा) संशय असेल तेव्हा सुई अपुरी पडते आणि अख्खी ग्रंथी काढून तपासावी लागते, हेही खरं. पण तेव्हा सुरीमागे विचार असतो.

याची दुसरी बाजूही सांगायला हवी. प्रौढाच्या मानेतली पाण्याने भरलेली मऊ गाठ जन्मजात ब्रँकियल सिस्ट वाटते, आणि कधी ती टॉन्सिलच्या कॅन्सरची पसरलेली गाठ निघते. त्यामुळे घसा नीट तपासल्याशिवाय ‘साधी’ हा शिक्काही मारू नये. डॉक्टर गाठ काढू म्हणाले, तर त्यांना एक प्रश्न जरूर विचारा : ही गाठ कसली आहे, असं तुम्हाला वाटतं?