जपानी आपला, पुण्याचा परका

पवनार, गीताई मंदिर, मगन संग्रहालय सगळं रीतसर पाहिलं. गोरसपाक खाल्ला, तोही पोटभर. पण वर्ध्याच्या फेरीतून लक्षात राहिली ती सेवाग्रामची संध्याकाळची प्रार्थना. खरं तर सामुदायिक प्रार्थनांचं मला वावडं आहे, म्हणून सटकता येईल अशा बेतानं अगदी मागे बसलो होतो. प्रार्थना सुरू झाली ती जपानी बौद्धांच्या मंत्रानं. शेजारची नऊवारीतली आजी तो असा घडाघडा म्हणत होती, जणू घरचं मारुतीस्तोत्रच.

हा मंत्र इथं आला कसा, ते नंतर वाचून काढलं. 1933 मध्ये जपानी बौद्ध भिक्षू फुजी गुरुजी गांधीजींना भेटायला वर्ध्याला आले. पुढे त्यांच्या पंथाचा एक भिक्षू आश्रमात राहिला आणि ढोल बडवत मंत्र म्हणू लागला. 1941 च्या डिसेंबरात जपान युद्धात उतरला, तेव्हा शत्रुदेशाचा म्हणून इंग्रजांच्या पोलिसांनी त्याला धरून नेलं. गांधीजींनी मंत्र मात्र प्रार्थनेत ठेवला. आश्रमातली बाकी मंडळीही अशीच दूरदूरची. मीराबेन इंग्रज अॅडमिरलची लेक, तर धनुष तकली बनवणारे भारतानंद म्हणजे पोलंडचे इंजिनिअर मॉरिस फ्रीडमन.

प्रार्थना संपल्यावर आजीला विचारलं, "हे जपानी कुठं शिकलात?"

"त्याच्यात काय शिकाचं? लहानपणापासून आयकून राहिलो न जी."

तेवढ्यात समोरून गेलेल्या गोऱ्या पोरीला तिनं खुणेनंच विचारलं, जेवली का? मग माझ्याकडे वळली. "तुमी कोठचे?"

"पुण्याचा."

चेहरा बदलला. "म्हंजे तिकडचे. सारं पाणी, सारा पैसा तिकडंच जाते नं?"

माझ्या नावावर उसाचं एक कांडंही नाही, पण ते सांगून उपयोग नव्हता. विदर्भाच्या अनुशेषाचा पूर्ण हिशेब ऐकावा लागला, आणि त्यात खोडून काढण्यासारखंही फारसं नव्हतं.

पण या गावाला परका कोण वाटतो, हे कोडं जुनंच आहे. 1936 मध्ये गांधीजी इथं, तेव्हाच्या सेगावात, राहायला आले. गावच्या म्हाताऱ्या पाटलानं त्यांना तोंडावर सांगितलं, की तुमचं स्वागत आहे, पण हरिजनांच्या कामात आमची साथ गृहीत धरू नका. पाटलाला अडचण होती ती चार घरं पलीकडच्यांची.

उठता उठता आजीला डिवचलं, "जपानी एवढा आपला, तर नात दिली असती का त्याला?"

तिनं गंभीरपणे विचार केला.

"जातीतला असता त पायलं असतं."